कुंपणानंच शेत खाल्लं त्याची गोष्ट

तुमच्या घरात नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेलं कुणी असेल, एखादी मावशी किंवा काका, तर त्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो का विचारा. पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र, जमिनीतून वर येणारे टोकदार खिळे आणि साठ मिनिटांची मुदत. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं, आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. गेम १९८९ साली आला.

डॉसवरच्या आवृत्तीत पहिली पातळी संपली की एक विचित्र खोली लागायची. खोलीत औषधाच्या कुप्या आणि प्रत्येक कुपीला एकेक अक्षर. सूचना अशी, की पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोध आणि तीच कुपी पी. आमच्या क्लासमध्ये ती पुस्तिका कुणीच पाहिलेली नव्हती. पण तिथल्या एका वहीच्या मागच्या पानावर सगळी उत्तरं उतरवलेली होती आणि नवीन आलेल्या पोराला ती वही आपोआप मिळायची.

त्या खोलीचा राजपुत्राच्या कथेशी काहीही संबंध नव्हता. ती होती कॉपी प्रोटेक्शन. "गेम विकत घेतलास का?" एवढा एकच प्रश्न ती विचारत होती. पुढच्या तीस वर्षांत प्रश्न तोच राहिला, पण तो विचारणारा पहारेकरी कुठे उभा राहतो ते बदलत गेलं. मला सांगायचाय तो इतिहास या जागा बदलण्याचा आहे.

दारावरचा पहारेकरी

कंपन्यांची तक्रार खोटी नव्हती. पुस्तकाची झेरॉक्स काढली तर ती फिकट येते, कॅसेटवरून कॅसेट भरली तर आवाज पडतो. फ्लॉपीची कॉपी मात्र मुळाइतकीच चोख निघते. १९७६ सालीच तरुण बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून सुनावलं होतं, की तुमच्यातले बहुतेक जण आमचं सॉफ्टवेअर चोरता.

मग उपाय निघाले. १९८५ साली ब्रिटनमध्ये 'एलिट' हा अंतराळातला गेम स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी आला. त्याच्यासोबत 'लेन्सलॉक' नावाचं प्लॅस्टिकचं भिंग मिळायचं. टीव्हीच्या पडद्यावर विस्कटलेली दोन अक्षरं दिसायची, पडद्याला भिंग लावलं की ती जुळायची. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असेल तर जुळायचीच नाहीत. त्यात पहिल्या काही डब्यांत चुकून दुसऱ्याच गेमचं भिंग गेलं. पैसे मोजलेली माणसं दारातच अडकली. पुढे १९९०च्या 'मंकी आयलंड'मध्ये पुठ्ठ्याची दोन चक्रं फिरवून चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि खालचं साल टाइप करायचं असे.

हे सगळं कटकटीचं होतं, पण हा पहारेकरी दारावर उभा होता. उत्तर दिलं की बाजूला व्हायचा. तुमच्या संगणकाच्या आत त्याला काही काम नव्हतं.

आत शिरलेला पहारेकरी

आत शिरण्याची कल्पना मात्र जुनी आहे, आणि तिचं एक ठळक उदाहरण आपल्या शेजारचं आहे. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी करणाऱ्यांना धडा शिकवावा म्हणून, असं त्यांचं म्हणणं. फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात तो जाऊन बसायचा आणि मशीनमध्ये घातलेल्या पुढच्या फ्लॉपीलाही लागायचा. त्यात भावांनी आपलं नाव, लाहोरचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. फ्लॉप्या देशोदेशी गेल्या आणि परदेशांतून हैराण लोकांचे फोन लाहोरला येऊ लागले. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून आज इतिहासात 'ब्रेन'ची नोंद आहे. रक्षणासाठी लिहिलेला प्रोग्रॅम आणि रोग यांच्यात किती पातळ भिंत असते, ते तेव्हाच दिसलं होतं.

सीडीच्या जमान्यात कंपन्या त्याच वाटेनं गेल्या. मॅक्रोव्हिजन या कंपनीच्या 'सेफडिस्क'चं तंत्र साधारण असं होतं : सीडीवर मुद्दाम काही खराब जागा ठेवायच्या. साध्या सीडी रायटरला त्या जशाच्या तशा उतरवता येत नाहीत. गेम सुरू होताना त्या जागा सापडल्या तर सीडी अस्सल. पण इतकी बारीक तपासणी करायची तर विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारा ड्रायव्हर लागतो. सोसायटीच्या वॉचमनला प्रत्येक फ्लॅटची चावी देण्यासारखं हे काम. हा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसोबतच येत होता. २००७ साली त्यात असं भोक सापडलं, की त्यातून घुसणाऱ्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळावा. मायक्रोसॉफ्टला घाईनं दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे ज्यांनी असा एकही गेम कधी घेतला नव्हता, त्यांच्याही घराची चावी वॉचमनकडे होती आणि त्याचा खिसा फाटका होता.

रशियातलं 'स्टारफोर्स' याहून कडक. ते पक्कं होतं यात वाद नाही. २००५चा 'स्प्लिंटर सेल : केऑस थिअरी' फोडायला क्रॅक करणाऱ्यांना वर्षाहून जास्त लागलं. पण गेम काढून टाकला तरी स्टारफोर्सचे ड्रायव्हर मागे राहत, आणि त्यांच्यामुळे आपले डीव्हीडी ड्राइव्ह मंदावले, मशीन बंद पडू लागली अशा तक्रारी गेमर करत होते. कंपनी नाकारत राहिली. २००६ साली अमेरिकेत युबिसॉफ्टवर दावा दाखल झाला आणि त्यांनी स्टारफोर्स सोडलं. त्याच वर्षी 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २' हा गेम कुठलंही कॉपी प्रोटेक्शन न लावता बाजारात आला आणि चांगला खपला. तेव्हा स्टारफोर्सच्या एका कर्मचाऱ्यानं त्याच्या चोरट्या कॉपीचा पत्ताच जाहीरपणे लिहून टाकला. कुलूप विकणाऱ्यानं बिनकुलपाच्या घराचा पत्ता चोरांना द्यावा, तसं.

गाण्यांच्या सीडीही सुटल्या नव्हत्या. ऑक्टोबर २००५मध्ये मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला आपल्या संगणकात एक लपलेला प्रोग्रॅम सापडला. तो आला होता सोनी बीएमजीच्या एका गाण्यांच्या सीडीतून. ठरावीक पाच चिन्हांनी नाव सुरू होणारी कुठलीही फाइल हा प्रोग्रॅम विंडोजपासून लपवायचा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये चीटिंग करणाऱ्यांनी लगेच आपल्या फाइलींना ती चिन्हं लावली आणि गेमच्या तपासणीतून निसटले. सोनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

तीन वेळा मोजून

७ सप्टेंबर २००८च्या सुमारास 'स्पोर' आला. एका पेशीपासून सुरुवात करून अंतराळापर्यंत जाणारी जीवसृष्टी घडवायची, असा विल राइटचा सुंदर गेम. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं त्याला 'सिक्युरॉम' लावलं होतं. गेम इंटरनेटवरून फक्त तीनदा ॲक्टिव्हेट करता येणार. चौथ्या वेळी कंपनीला फोन करा आणि पटवून द्या.

हा 'तीन' आकडा ठरवणाऱ्यांनी आपल्याकडचे संगणक पाहिले नसावेत. तेव्हा पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचा आणि दर चार-सहा महिन्यांनी घरोघरी "फॉरमॅट मारणं" व्हायचं. माझ्याकडे एक असाच, दुसऱ्या एका कंपनीचा गेम होता, खाऊचे आणि दिवाळीचे पैसे साठवून घेतलेला. वर्षभरात तीन फॉरमॅट झाले आणि अस्सल डीव्हीडी हातात असून गेम बंद. फोन नंबर परदेशातला, आयएसडी कॉल कोण करू देणार? शेजारच्या मित्राकडे तोच गेम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्त सीडीवर होता. त्यानं दहा वेळा फॉरमॅट केलं असतं तरी फरक पडला नसता.

'स्पोर'च्या बाबतीत हेच जगभर झालं. फोडलेली कॉपी बाजारात गेम येण्याआधीच फिरत होती. ॲमेझॉनवर हजारो लोकांनी एक तारा देऊन राग काढला. ही मर्यादा तीनावरून पाचावर गेली, दावे दाखल झाले, आणि टोरंटफ्रीकच्या यादीत त्या वर्षीचा सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम ठरला 'स्पोर'. सिक्युरॉमनं चोर अडवला नव्हता. अडला तो पावती असलेला माणूस.

याच वर्षी युबिसॉफ्टच्या 'रेनबो सिक्स : व्हेगास २'मध्ये तर कमालच झाली. ऑनलाइन विकत घेतलेली आवृत्ती सीडी मागू लागली, जी गिऱ्हाइकांकडे असणंच शक्य नव्हतं. कंपनीनं दुरुस्तीची फाइल दिली. लोकांनी उघडून पाहिली तर ती 'रीलोडेड' या क्रॅक करणाऱ्या टोळीनं बनवलेली फाइल निघाली.

पहारेकरी दूर गेला, गेमही घेऊन

यानंतर पहारेकऱ्यानं पुन्हा जागा बदलली. तो तुमच्या मशीनमधून उठून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसला. मार्च २०१०मध्ये 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आला तेव्हा अट अशी होती, की एकट्यानं खेळायचं असलं तरी इंटरनेट सतत चालू हवं. नेट तुटलं की गेम थांबला. पहिल्याच आठवड्यात युबिसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले. सर्व्हरवर हल्ला झाला असं कंपनीनं सांगितलं. अनेकांचा रविवार मात्र कोऱ्या पडद्यापुढे गेला.

आजचं मोठं नाव म्हणजे ऑस्ट्रियातलं 'डेनुव्हो'. सिक्युरॉम बनवणाऱ्या सोनीच्या शाखेतूनच ते निघालं. त्याच्या बाजूनं सांगायचं तर ते कायमच्या रक्षणाचा दावा करत नाही. शेकडो माणसांनी काही वर्षं खपून बनवलेल्या गेमची मोठी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, तेवढा काळ मिळाला तरी पुरे, असं त्यामागचं गणित आहे. पटण्यासारखं आहे. पण नोव्हेंबर २०२१मध्ये डेनुव्होच्या एका डोमेनची मुदत संपली, आणि त्यावर अवलंबून असलेले कित्येक गेम काही तास सुरूच होईनात. कुणीतरी नूतनीकरण विसरलं, आणि जगभरातल्या लोकांच्या विकत घेतलेल्या वस्तू बंद.

दुसरी वाट नव्हती असं नाही. नव्वदच्या दशकातला पोलंड गेमच्या बाबतीत आपल्यासारखाच होता, चोरट्या सीडींचे बाजार उघडपणे भरायचे. तिथल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं 'बॉल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांचे आवाज घेतले, डब्यात नकाशा आणि पुस्तिका घातल्या. चोरट्या कॉपीत मिळणार नाही असं काहीतरी गिऱ्हाइकाला दिलं. त्याच घराण्यातलं 'जीओजी' २००८पासून कुलूप नसलेले गेम विकतंय.

याचा फोनवर खेळणाऱ्यांशी काय संबंध? सप्टेंबर २०२०मध्ये सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतासाठीचे सर्व्हर बंद झाले. कारण वेगळं होतं, राजकीय होतं, पण पैसे देऊन घेतलेले कपडे आणि बंदुकांच्या स्किन कुठे होत्या, हे त्या दिवशी लाखो पोरांना कळलं. त्या फोनमध्ये नव्हत्याच. २०२४च्या ३१ मार्चला युबिसॉफ्टनं 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद केले. डीव्हीडी कपाटात असूनही गेम संपला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५मध्ये युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे : दुकान बंद करा, पण जाताना विकलेला माल चालू राहील अशी सोय करा.

सेफडिस्क लावलेल्या जुन्या सीडीही आता मुक्या झाल्यात. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०मध्ये तो भोकाचा ड्रायव्हर घेतलाच नाही, आणि ते बरोबरच केलं. पण त्यामुळे 'द सिम्स'ची किंवा 'बॅटलफिल्ड १९४२'ची अस्सल सीडी आज घातली तर ती चालत नाही. चालते ती वीस वर्षांपूर्वी कुणीतरी फोडून ठेवलेली कॉपी. जुने गेम जपू पाहणाऱ्यांना कित्येकदा चोरांच्याच कामाचा आधार घ्यावा लागतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. हक्क बुडवण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. योग्यच आहे. पण ज्यानं कुलूप लावलं तोच चावी घेऊन निघून गेला, तर आत अडकलेल्या विकत घेतलेल्या वस्तूचं काय, यावर ते कलम काहीच बोलत नाही. पुढच्या वेळी पडद्यावर 'बाय' लिहिलेलं बटण दिसेल तेव्हा एवढं तपासा, की नेट बंद केल्यावर ती वस्तू चालते का. चालत नसेल तर ते भाडं आहे, आणि भाड्याच्या वस्तूला विकतची किंमत का द्यायची, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.