छातीभोवतीचा पट्टा : एका वेदनेचा इतिहास

आज एका दुखण्याचा इतिहास पाहायचा आहे. ते जाणवतं छातीत, पण त्याचं मूळ हृदयात नाही, फुप्फुसात नाही आणि बरगड्यांतही नाही. कुणीतरी छातीभोवती पट्टा घालून तो ओढत न्यावा, तसं ते असतं. श्वास अर्ध्यातच अडल्यासारखा होतो. कधी काही क्षण, कधी तासभर, कधी दिवसच्या दिवस. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली एखादी बाई सांगेल, 'छाती दोरानं आवयल्यावानी वाटते.' इंग्रजीत या लक्षणाला चक्क 'मिठी' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. आम्हाला आपला दोरच जवळचा वाटतो.

रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर रबर असावं तसं. या रोगात शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्या आवरणावर उलटते. जागोजागी ते निघून जातं, व्रण राहतात. छातीकडून येणारे संदेश ज्या तंतूंतून वर जातात त्यांवर असा व्रण पडला, की मेंदूला छाती आवळल्याची खबर जाते. छातीत त्या वेळी काहीही घडलेलं नसतं. आम्हाला हा आजार जडून तीस वर्षं होत आली, तेव्हा या इतिहासाकडे आम्ही तटस्थपणे पाहतो असा दावा करत नाही.

न घडलेल्या गोष्टीची खबर कशी जाते? हा प्रश्न वैद्यांच्या आधी एका तत्त्वज्ञानं नीट मांडला. देकार्तचं 'मेडिटेशन्स' १६४१ साली आलं. त्यातल्या सहाव्या चिंतनात तो ताणलेल्या दोरीचा दाखला देतो. दोरीचं शेवटचं टोक ओढा किंवा ती मध्येच कुठे ओढा, पहिल्या टोकाला हालचाल तीच होणार. म्हणून पायाची वेदना पायातूनच आली असेल असं नाही; वाटेत, पाठीत कुठे ती नस ओढली गेली तरी माणसाला पायच दुखेल. देकार्तच्या शरीरशास्त्रातलं पुष्कळसं पुढे टाकून द्यावं लागलं, पण एवढं टिकलं. आमचा पट्टा म्हणजे मध्येच ओढलेली दोरी.

आता पॅरिसला जाऊ. साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तिन शार्को याने १८६८ साली या रोगाचं स्वतंत्र, रेखीव वर्णन केलं. ते त्याच्या व्याख्यानांतून लोकांपुढे आलं आणि ती व्याख्यानं बूर्नव्हील या त्याच्या शिष्यानं उतरून घेऊन छापली. (आमचं हे भाषण जे कुणी उतरवून घेणार आहेत, त्यांनी उमेद बाळगावी.) शार्कोनं तीन खुणा सांगितल्या : डोळ्यांची थरथर, काही धरायला जाताना हाताला सुटणारा कंप आणि तुटक तुटक बोलणं. पाहा, तिन्ही बाहेरून दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या. रोग्यानं सांगितल्याशिवाय कळणार नाही अशी एकही नाही. वेदनेला त्या यादीत जागा नव्हती. पुढे कित्येक दशकं 'हा रोग दुखत नाही' असंच शिकवलं जात होतं.

पट्ट्यासारखी वेदना त्या काळच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हती असं मात्र नाही. उपदंश, म्हणजे आपल्याकडची गरमी, मज्जारज्जूपर्यंत पोचली की होणाऱ्या रोगाचं ते ठळक लक्षण मानलं जाई. तेव्हा 'कमरेला, छातीला पट्टा आवळतो' असं सांगणाऱ्या माणसाच्या चारित्र्याकडेच आधी पाहिलं जाण्याचा धोका होता. बाईनं सांगितलं तर दुसरा शिक्का तयार होता, उन्मादाचा. आणि उन्मादाच्या अभ्यासाचं माहेरघरही तेच साल्पेत्रिएर. शार्कोचाच शिष्य बाबिन्स्की. त्याचा १८८५ चा प्रबंध मल्टिपल स्क्लेरॉसिसवर होता. १८९६ मध्ये त्यानं एक साधी युक्ती दाखवली : तळपायाच्या कडेनं ओरखडा काढायचा. अंगठा वर गेला तर मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या वाटेत खराखुरा बिघाड आहे, आणि असं वर जाणं सोंग करून साधत नाही. वैद्यकाचा केवढा मोठा विजय हा! पण त्यातून आणखी एक गोष्ट झाली. शब्दापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवायची सवय लागली. दुखतं हे सांगायला अंगठा नसतो.

मग मोजणी झाली तेव्हा चित्र पालटलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५९ रुग्णांना वेदनेबद्दल नीट विचारलं गेलं आणि त्यांतले ५५ टक्के वेदना भोगत असल्याचं आढळलं. शार्कोच्या व्याख्यानांनंतर १२० वर्षांनी! वेदना काही नव्यानं सुरू झाली नव्हती.

भारतात दुसरा एक समज आड आला. हा थंड देशातल्या गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे नाहीच. प्रमाण कमी आहे हे खरं. पण 'कमी' आणि 'नाही' यांत एकेका रोग्याचं अख्खं आयुष्य मावतं. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात हा रोग बऱ्यापैकी आढळतो हे १९९० साली दाखवून दिलं. त्याआधीच, १९८५ साली, मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली होती. हे सगळं मुंबईत. इकडे यवतमाळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेच १९८९ मध्ये.

आमची हकिकत या इतिहासाला धरूनच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. चाळिशीत छाती आवळली. ईसीजी निघाला, चांगला आला. पुन्हा काढला, पुन्हा चांगला. मग गॅसच्या गोळ्या. मग एका डॉक्टरांनी हसत सांगितलं, 'सर, तत्त्वज्ञान शिकवता ना, विचार कमी करा.' पुढे एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं, पाय जड झाला, तेव्हा नागपूर गाठलं आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जूवरचे व्रण दिसले. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं वेदान्तातला दोरी-साप शिकवला होता. दिवा आणला की साप नाहीसा होतो, दोरी उरते. इथे दिवा आणला, छातीला दोर नाही हे स्पष्ट दिसलं, आणि आवळणं तसंच राहिलं. पट्टा हा भास आहे, वेदना भास नाही. एवढा एक फरक आमच्या टिपणांत आधी कधी आला नव्हता.

आणि हा पट्टा निरर्थकही नाही. स्तनाग्रांच्या पातळीची त्वचा मज्जारज्जूच्या छातीतल्या चौथ्या खंडाशी जोडलेली, बेंबीची दहाव्याशी. पट्टा कुठून कुठपर्यंत आहे हे रोग्यानं नीट सांगितलं, तर व्रण त्या आसपास किंवा त्याच्या वर शोधावा हे डॉक्टरला कळतं. म्हणून वहीत लिहून ठेवावं : कुठे, किती वेळ, काय करत असताना. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. छाती पहिल्यांदा आवळली, किंवा नेहमीपेक्षा वेगळी आवळली, तर आधी हृदय तपासून घ्यायचं. या आजाराच्या माणसालाही हृदयविकार होतो.

उष्णतेचं प्रकरण आपल्या जिल्ह्याला फार लागू आहे. उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये नोंदवलं की श्रमानंतर या रोग्यांची दृष्टी तात्पुरती मंदावते. पुढे कळलं, मूळ कारण शरीर तापणं. आवरण गेलेले तंतू गरम झाले की संदेश नीट वाहत नाहीत. गार झाले की पुन्हा वाहतात. एमआरआयच्या आधी तर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा यवतमाळ, वणी, पांढरकवडा, सगळा जिल्हाच तो टब होतो. आमची कामं सकाळी नऊच्या आत उरकतात. ओला पंचा, सैल सदरा, कूलर. काहींना उलट घट्ट कापड गुंडाळल्यानं बरं वाटतं. खरा दाब आला की खोटा जरा मागे हटतो. औषधं म्हणाल तर गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अॅमिट्रिप्टिलिन. मुळात फिट्सची किंवा नैराश्याची. डॉक्टरच ठरवतील ती घ्यावीत. भारनियमनाच्या दुपारी मात्र कुठलंच औषध पुरत नाही.

कायद्यानं उशिरा का होईना दखल घेतली. १९९५ च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत हा आजार नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आलं. पण बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. पाय किती चालतो हे मोजता येईल. छाती आवळण्याचे टक्के किती धरायचे? २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीनं शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात आले, वीसहून अधिक दगावले. तेव्हा श्वास अडल्याची तक्रार देशभर ऐकली गेली, कारण वॉर्डच्या वॉर्ड भरले होते. आमच्यासारख्यांचा वॉर्ड कधी भरत नाही. तालुक्याला एखादा रोगी, तोही घरात.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. तेवढा तो कूलर जरा इकडे वळवा.