पदवीधरांसाठीं परिचर्येचें अल्पमुदती शिक्षण

बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें अंबाजोगाई हें गांव योगेश्वरीच्या देवस्थानामुळें आणि आद्यकवि मुकुंदराजांच्या समाधीमुळें सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. निजामी अमलांत यास मोमिनाबाद म्हणत, व हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथें असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवास आणखी एक ओळख लाभली. १९७४ सालीं येथें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. ज्यांनीं येथील योगेश्वरी विद्यालयांत अध्यापन केलें आणि पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व केलें, त्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव आज त्या संस्थेस आहे. खेड्यांतील रोग्यानें शहराची वाट धरण्यापेक्षां वैद्यकीय विद्येनेंच खेड्याच्या दाराशीं यावें, असा या स्थापनेमागील विचार होता.

परंतु रुग्णालय केवळ डॉक्टरांच्या बळावर चालत नाहीं. डॉक्टर खाटेपाशीं येतो, तपासतो, औषध लिहून देतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. त्यानंतर दिवसभर आणि रात्रभर रोगी परिचारिकेच्या स्वाधीन असतो. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपला म्हणजे परततात. त्यांतील एखाद्या गरोदर बाईचा पांढुरका चेहरा पाहून, हिच्या अंगांत रक्त कमी आहे, हिला आज तशीच घरीं पाठवूं नये, हें ओळखणारी पहिली व्यक्ति बहुधा परिचारिकाच असते. ती नजर कशी तयार होते आणि किती काळांत तयार होते, हा प्रश्न म्हणूनच अशा गांवीं केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाहीं.

परिचारिकांची उणीव भरून काढण्याचा एक उपाय पाश्चात्य देशांत रूढ झाला आहे. अन्य विषयाची पदवी घेतलेल्या तरुण-तरुणींना पुन्हा तीन-चार वर्षें न अडकवतां वर्ष-दीड वर्षांत, फार तर दोन वर्षांत, परिचर्येंत तयार करावयाचें, असा हा उपाय होय. अमेरिकेंत सेंट लुई विद्यापीठानें असा अभ्यासक्रम १९७१ सालीं सुरू केला, व मागाहून पुष्कळ विद्यापीठांनीं तो उचलला. भारतांत अशी वाट नाहीं. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या मुलीस परिचर्येची पदवी हवी असेल, तर नुकत्याच बारावी होऊन आलेल्या मुलीशेजारीं बसून चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा तिला गिरवावा लागतो. यांत तिच्या वयाचा व पैशाचा अपव्यय होतो, ही तक्रार खोटी नाहीं. मराठवाड्यांत पदव्या घेऊन नोकरीची वाट पाहत बसलेल्यांची संख्या थोडी नाहीं. अशांस ही आखूड वाट मोहक वाटल्यास नवल तें काय? परंतु या वाटेवरील खांचखळगे इतिहासांत नोंदलेले आहेत. तीवर पाऊल टाकण्यापूर्वीं ते पाहून घेणें बरें.

आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा आरंभच मुळीं अल्प मुदतीनें झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नांवें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत जी शाळा निघाली, तींतील शिक्षण एका वर्षाचें होतें. मात्र तें वर्ष संपलें म्हणजे विद्यार्थिनी मोकळी होत नसे; पुढें कांहीं वर्षें नेमून दिलेल्या रुग्णालयांत काम करण्याचा करार तिला पाळावा लागे. शिकण्याचें वर्ष एकच असलें, तरी अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखालीं हात बसण्याचीं वर्षें अधिक होतीं. पुढच्या काळांत बहुतेक प्रगत देशांनीं शिक्षणाचीच मुदत तीन वर्षांवर नेली.

पदवीधरांसाठीं ही मुदत कमी करण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग पहिल्या महायुद्धानें घडविला. १९१८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क राज्यांतील व्हासर कॉलेजांत चारशेंहून अधिक पदवीधर स्त्रिया एकत्र आल्या. बारा आठवडे त्यांना शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, जंतुशास्त्र इत्यादि विषय शिकविण्यांत आले आणि नंतर निरनिराळ्या रुग्णालयांत त्यांची रवानगी झाली. तीन वर्षांऐवजीं दोन वर्षांहून थोड्या अधिक काळांत त्यांचें शिक्षण पुरें व्हावयाचें होतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वजा केलेला काळ मुख्यतः प्राथमिक पाठांचा होता. खाटेपाशींचीं दोन वर्षें बाईंच्या पदवीकडे पाहून माफ झालीं नाहींत. या तुकडींतून परिचर्येच्या क्षेत्रांत पुढारपण करणाऱ्या कित्येक स्त्रिया निघाल्या. तथापि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत युद्ध थांबलें, उत्साह ओसरला, आणि आरंभीं आलेल्यांपैकीं पुष्कळजणी शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. पदवीधरास दुसऱ्याही वाटा मोकळ्या असतात. त्यामुळें जी घाईनें येते ती घाईनें जाऊंही शकते, हा व्हासरचा दुसरा धडा होय.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें १९४३ सालीं बोल्टन कायदा करून परिचारिकांचें एक विद्यार्थी-दलच उभें केलें. छत्तीस महिन्यांचें शिक्षण तीस महिन्यांवर आणलें गेलें. परंतु राहिलेले सहा महिने विद्यार्थिनीस प्रत्यक्ष सेवेंत घालवावे लागत. शिकवणीचा खर्च, गणवेश आणि विद्यावेतन हा सारा भार सरकारी तिजोरीनें उचलला. १९४८ पर्यंत या दलांतून सुमारे १,२४,००० परिचारिका तयार झाल्या. हा आंकडा पाहून आखूड शिक्षणाची महती गाणाऱ्यांनीं त्यामागील खर्चही मोजावा. मुदत कमी झाली म्हणजे खर्चही कमी होतो, हा समज या उदाहरणानें खोटा ठरतो.

आजचा युरोपीय नियमही याच अनुभवांतून आलेला दिसतो. सामान्य परिचर्येच्या शिक्षणास तेथें किमान ४,६०० तास लागतात आणि त्यांपैकीं निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असावे लागतात. ब्रिटनमध्यें पदवीधरांस दोन वर्षांचा मार्ग उपलब्ध आहे. पण ज्याचें पूर्वशिक्षण व पूर्वानुभव हिशेबांत धरतां येतो, त्यालाच तो मिळतो. पदवी आहे एवढ्याच कारणानें तास सुटत नाहींत.

आतां आपल्याकडील इतिहास पाहावा. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन स्थापन झालें, आणि त्या संस्थेनें कुलीन घरांतील स्त्रियांस, त्यांतही विधवांस, ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास पाठविलें. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, रात्रपाळी करावयाची, जातीपातीचा विटाळ विसरावयाचा, या साऱ्यास त्या वेळचा समाज नाक मुरडीत होता. त्या स्त्रियांनीं मिळविलेली प्रतिष्ठा पूर्ण मुदतीचें शिक्षण पुरें करून मिळविलेली होती, हें विसरतां येत नाहीं. पुढें १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. मोमिनाबाद निजामाच्या राज्यांत असल्यानें त्या कायद्याची छाया येथवर पोहोंचली नाहीं.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. साऱ्या हिंदुस्थानांत त्या वेळीं परिचारिका होत्या अवघ्या ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. इतकें दारिद्र्य असतां मिळेल त्या उपायानें संख्या वाढवावी, असें कोणासही वाटलें असतें. तरीही त्याच १९४६ सालीं दिल्ली आणि वेल्लोर येथें परिचर्येचे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. इतरांस शिकवूं शकेल, देखरेख करूं शकेल, असा वर्ग आधीं निर्माण झाला पाहिजे, ही दूरदृष्टि त्यांत होती.

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवावें. सहायक परिचारिका-प्रसाविका, जिला खेड्यांत साधेपणानें नर्सबाई म्हणतात, तिचा अभ्यासक्रम १९५१ पासून सुरू झाला. तो दोन वर्षांचा होता, आणि मॅट्रिकपर्यंत न पोहोंचलेल्या मुलींसही त्यांत प्रवेश मिळे. १९७७ सालीं प्रवेशाची पात्रता मॅट्रिकवर नेण्यांत आली, आणि त्याबरोबरच मुदत अठरा महिन्यांवर आली. विद्यार्थिनी अधिक शिकलेली म्हणून तिचें शिक्षण आखूड, हें आजच्या पदवीधर-योजनेंतील तत्त्वच तेथें लहान प्रमाणांत अमलांत आलें होतें. परिणाम काय झाला? मॅट्रिकपर्यंत शिकलेलें गणित व भूगोल बाळंतिणीच्या खाटेपाशीं उपयोगी पडलें नाहीं. बाळंतपणें हातून जाण्याचे प्रसंग मात्र कमी झाले. त्यांतच कुटुंबनियोजन व लसीकरण यांचा भार वाढत गेला, आणि अडलेली बाई सोडविण्याचें नर्सबाईचें मूळ कौशल्य मागें पडत गेलें, असें या विषयाच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. सारा दोष मुदतीचा नव्हता. उपकेंद्रांत एकटी राहणाऱ्या नर्सबाईवर देखरेख करणारें कोणी नव्हतें, हेंही खरें. परंतु पुढें एकविसाव्या शतकांत प्रवेशास बारावीची अट घालण्यांत आली, तेव्हां मुदत आणखी कमी न करतां ती पुन्हा दोन वर्षांची करण्यांत आली. पात्रता वाढली आणि मुदतही वाढली! अनुभवानें दिलेला निकाल याहून स्पष्ट कसा असावा?

या इतिहासाच्या उजेडांत अल्पमुदती योजनेच्या उणिवा तोलून पाहाव्या. पहिली उणीव अनुभवाची. शरीरांतील हाडांचीं नांवें तीव्र बुद्धीचा पदवीधर पंधरा दिवसांत पाठ करील. पण पहाटे तीन वाजतां रोग्याचा श्वास बदलला हें कान टवकारून ओळखण्यास अनेक पहाटा जागाव्या लागतात. ही विद्या पुनरावृत्तीची आहे, आणि पुनरावृत्तीस वेळाचा पर्याय नाहीं.

दुसरी उणीव सहसा हिशेबांत येत नाहीं. शाळेनें वाचविलेला काळ नाहींसा होत नाहीं; तो वॉर्डांतील वडील परिचारिकेच्या खांद्यावर जाऊन बसतो. नवखीस सलाइन लावतांना, औषधाची मात्रा मोजतांना कोणी तरी पाहावें लागतें. जेथें परिचारिका मुबलक आहेत तेथें हें जमेल. जेथें एका पाळींत मोजक्याच परिचारिका आणि भरलेला वॉर्ड आहे, तेथें शिकवावें कोणी आणि रोगी सांभाळावे कोणी? अल्पमुदती शिक्षणाची निकड जेथें सर्वांत अधिक, तेथेंच तें पेलण्याची शक्ति सर्वांत कमी असते.

तिसरी उणीव न्यायाची आहे. परिचर्येच्या व्यवसायानें आजवर शेतकऱ्याच्या व मजुराच्या घरांतील मुलींस बारावीनंतर स्वतःच्या पायावर उभें केलें. पदवीधरांस निम्म्या काळांत तीच पायरी मिळूं लागली, तर ज्यांच्या घरीं पदवीपर्यंत शिकविण्याची ऐपत आहे त्यांचाच वरचष्मा होण्याचें भय आहे. शिवाय शहरी पदवीधर आखूड वाटेनें येऊन मुंबई-पुण्याकडे वा परदेशीं गेला, तर ज्या खेड्याची उणीव सांगून योजना उभी केली तें खेडें होतें तेथेंच राहील.

दुसऱ्या पारड्यांतही कांहीं घालावयास हवें. पदवीधर वयानें प्रौढ असतो, वाचून समजून घेण्याची त्यास संवय असते, आणि पुष्कळदां तो विचारपूर्वक या व्यवसायाकडे वळलेला असतो. येल विद्यापीठानें १९२३ सालीं परिचर्येची स्वतंत्र शाळा काढली आणि १९३४ पासून पदवीधरांसच तींत प्रवेश ठेवला. त्यांतून या विद्येचा दर्जा उंचावला. तेव्हां पदवीधरास दार बंद ठेवणें शहाणपणाचें नाहीं. जें तो खरोखर शिकून आला आहे तें त्याच्याकडून पुन्हा घोकून घेऊं नये. जीवरसायन, मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र या विषयांची परीक्षा घेऊन त्यांतून त्यास सूट द्यावी. मात्र वॉर्डांतील, प्रसूतिगृहांतील आणि उपकेंद्रांतील एकही पाळी त्यास माफ करूं नये.

संकटकाळीं ही मर्यादा कशी पाळावी, याचा पाठ अलीकडेच मिळाला आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत अंबाजोगाईचें रुग्णालय रोग्यांनीं ओसंडून गेलें होतें. देशांत सर्वत्र तीच अवस्था होती. त्या वर्षाच्या मे महिन्यांत परिचर्येच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांस वरिष्ठांच्या देखरेखीखालीं कामास घेण्याचा निर्णय केंद्र सरकारनें केला, आणि जूनमध्यें एक लाख लोकांस अल्प काळांत तयार करण्याची योजना जाहीर झाली. त्या योजनेंतून निघालेल्यांस सहायक म्हटलें गेलें. परिचारिका हें नांव त्यांस दिलें गेलें नाहीं. इतक्या मोठ्या आपत्तींतही हा भेद राखला गेला, ही समाधानाची गोष्ट होय.

१९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ सालीं संसदेनें संमत केला. शिक्षणाचीं मानें ठरविण्याचें काम त्या आयोगाकडे सोंपविलेलें आहे, आणि पदवीधरांच्या आखूड वाटेचा प्रश्न आज ना उद्यां त्याच्यापुढें येईल. त्या वेळीं मुदत किती महिन्यांची असावी, एवढेंच विचारून चालणार नाहीं. कोणते महिने कमी केले आणि ते कोणाच्या खाटेपासून कमी केले, हें विचारावें लागेल. बालाघाटाच्या वस्त्यांतून बैलगाडीनें नव्हे तरी खडखडत्या जीपनें रात्रीं अंबाजोगाईस आणलेल्या बाळंतिणीस दुसरें रुग्णालय निवडण्याची सवड नसते. समोर उभी असलेली परिचारिका कोणत्या वाटेनें आली, हें ती विचारीत नाहीं. तिला कळतें तें एवढेंच कीं, त्या हातांना आपलें काम येतें किंवा येत नाहीं.