एकच आकाश, दोन याद्या : अमेरिकी वैमानिकांमधल्या एका वादाचा इतिहास



कामगारांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र येते. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार. आज आपण जो वाद पाहणार आहोत त्यात दोन्ही बाजूंना कामगारच आहेत. दोघांचा गणवेश जवळपास सारखा, परवाना एकाच सरकारी खात्याने दिलेला, आणि पुष्कळदा संघटनाही एकच. एका बाजूला अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांचे वैमानिक आहेत. दुसऱ्या बाजूला त्याच कंपन्यांच्या नावाने छोटी विमाने उडवणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांचे वैमानिक. वरवर पाहिले तर हा नोकऱ्यांचा आणि पगाराचा तंटा आहे. पण थोडे खोलात गेलो की त्यात न्यायाचा प्रश्न दिसतो, आणि म्हणूनच आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरालाही त्यावर बोलावेसे वाटते.

सुरुवात करू ज्येष्ठता यादीपासून. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्यांना ही यादी काय चीज असते ते सांगायला नको. पण वैमानिकाच्या बाबतीत ती नुसती बढतीपुरती नसते. ज्या तारखेला तुम्ही कंपनीत रुजू झालात त्यावरून तुमचा क्रमांक ठरतो, आणि त्या क्रमांकावरून बाकी सगळे. कोणते विमान मिळणार, कॅप्टनची खुर्ची कधी मिळणार, कोणत्या शहरातून कामाला सुरुवात करायची, नाताळात घरी राहता येणार की नाही, आणि मंदी आली की आधी कोणाला घरी बसवायचे. आता यातली मेख अशी, की कंपनी बदलली की हा क्रमांक पुसला जातो. वीस वर्षे कॅप्टन म्हणून काम केलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो यादीच्या तळाला, काल रुजू झालेल्या पोराच्याही मागे.

अशी विचित्र पद्धत का आली? तिच्यामागे कारण आहे, आणि ते चांगले कारण आहे. डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये अमेरिकेत वैमानिकांची संघटना उभी राहिली. त्या काळात हवा खराब असताना उडायला नकार देणाऱ्या वैमानिकावर व्यवस्थापनाची खप्पामर्जी व्हायची. मर्जीतल्याला चांगले काम आणि नकार देणाऱ्याला घरचा रस्ता, असा कारभार. वेळापत्रक पाळू पण सुरक्षितता राखून, हे या संघटनेचे ब्रीदच होते. क्रमांक तारखेवरून ठरला की मर्जीला वाव राहत नाही. म्हणजे ही यादी जन्माला आली ती अन्यायावरचा उपाय म्हणून. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे याच उपायातून दुसरे दुखणे निघाले.

आता येऊ १९७८ सालाकडे. तोवर कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर जायचे आणि तिकीट किती लावायचे हे १९३८ पासून चालत आलेले एक सरकारी मंडळ ठरवत असे. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हे नियंत्रण काढून टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. स्पर्धा सुरू झाली. मोठ्या कंपन्यांनी काही मोजकी विमानतळे आपली मध्यवर्ती ठाणी केली आणि आजूबाजूच्या लहान शहरांतून प्रवासी तिथे आणायला सुरुवात केली. लहान शहरात मोठे विमान परवडत नाही. मग तिथली वीस-तीस आसनांची पंख्याची विमाने छोट्या कंपन्यांकडे सोपवली गेली. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे, आणि आत बसलेला वैमानिक मात्र भलत्याच कंपनीचा.

मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना यात धोका दिसत नव्हता असे नाही. म्हणून त्यांनी आपल्या करारांत एक कलम घालून घेतले. त्याला तिकडे ‘स्कोप’ म्हणतात. इतक्या आसनांपेक्षा आणि इतक्या वजनापेक्षा मोठे विमान आमच्याच यादीतल्या वैमानिकांनी चालवायचे, त्याहून छोटे बाहेर द्या, असा त्याचा अर्थ. पंख्याच्या विमानांपुरते हे ठीक चालले. पण १९९३ मध्ये सिनसिनाटीच्या कोमेअर कंपनीने पन्नास आसनांचे जेट विमान आणले आणि चित्र पालटले. छोटे जेट वेगवान, प्रवाशांना आवडणारे, आणि मोठ्या कंपनीच्या जुन्या मार्गांवरही चालणारे. कालपर्यंत जे काम मोठ्या यादीतला वैमानिक करत होता, ते आता छोट्या यादीतला निम्म्याहून कमी पगारात करू लागला.

हा संघर्ष पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आला तो १५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. मुख्य प्रश्न हाच, की नवी छोटी जेट विमाने आम्ही उडवणार की प्रादेशिक शाखा असलेल्या अमेरिकन ईगलचे वैमानिक? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याचा आधार घेऊन संप थांबवला. नंतरच्या तडजोडीत विमाने ईगलकडेच राहिली, पण दोन याद्यांच्या मध्ये एक जिना बांधला गेला. ईगलच्या कॅप्टनांना पाळीपाळीने वर जाता येईल, आणि वरून कपात झालेल्यांना खाली येता येईल. २००१ च्या सप्टेंबरनंतर मंदी आली. या कपातीला तिकडे ‘फर्लो’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द कैद्यांच्या सुट्टीसाठी वापरतात, तिथे बिनपगारी घरी बसवण्याला. मोठ्या कंपनीतून घरी बसवलेले वैमानिक त्या जिन्याने खाली आले आणि ईगलमध्ये कॅप्टनच्या खुर्च्यांवर बसले. खालच्यांचे वर जाणे मात्र बंद पडले. जिना दोन्ही बाजूंनी चढता-उतरता येतो हे खरे, पण मंदीत तो एकाच दिशेने वाहतो.

दुसरी घटना कोमेअरची. १९९९ मध्ये डेल्टा कंपनीने कोमेअर विकत घ्यायचे ठरवले. कोमेअरचे वैमानिक म्हणाले, मालक एक झाला, संघटना एकच आहे, मग यादीही एक करा. डेल्टाच्या वैमानिकांना ते मान्य नव्हते आणि संघटनेनेही ते मानले नाही. २००१ मध्ये काही प्रादेशिक वैमानिकांनी आपल्याच संघटनेला कोर्टात खेचले. त्याच वर्षी कोमेअरच्या वैमानिकांनी पगारासाठी ८९ दिवसांचा संप केला. समानांना समान वागणूक म्हणजे न्याय, असे ॲरिस्टॉटल सांगतो, आणि लगेच विचारतो की समान कशात? कोमेअरवाला म्हणतो, कामात समान. डेल्टावाला म्हणतो, रुजू होताना मी ज्या अटी आणि जी वाट पाहिली त्यात आपण समान नाही. दोघांकडे उत्तर आहे. कोणी एक खोटारडा आहे असे म्हणून आपली सुटका होत नाही.

आता या भांडणातला सगळ्यात विलक्षण भाग. हे लोक रोज एकमेकांच्या विमानातून कामावर जातात.

आपल्याकडे नाशिक-मुंबई किंवा पुणे-मुंबई अप-डाऊन करणारे असतात, तसे अमेरिकेत वैमानिक अप-डाऊन करतात, फक्त अंतर हजार-दोन हजार मैलांचे. कंपनी बेस बंद करते, उघडते, हलवते. दर वेळी घर, बायकामुले, शाळा कोण हलवणार? शिवाय कनिष्ठांच्या वाट्याला न्यूयॉर्कसारखे महागडे बेस येतात आणि त्यांच्या पगारात तिथे घर मिळत नाही. मग चारसहा जण मिळून विमानतळाजवळ खोली घेतात, एक उठला की दुसरा झोपतो. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात विमान कर्मचाऱ्यांचा इतका राबता, की लोक गमतीने त्याला ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात.

आणि प्रवास कशाने? कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक जादा आसन असते, त्याला जंपसीट म्हणतात. कंपन्यांनी आपसांत करार केलेले असतात, त्यामुळे परक्या कंपनीचा वैमानिकही तिथे फुकट बसू शकतो. पण परवानगी कॅप्टनची, आणि क्रमही ठरलेला, आधी त्या कंपनीची माणसे, मग बाहेरची. आसन एक आणि उमेदवार तीन असले की कोणीतरी मागे राहतो, आणि त्याची ड्यूटी चुकली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. हे आसन म्हणजे सौजन्य आहे, पण सौजन्य नाकारताही येते. १९८० च्या दशकातल्या संपांनंतर संपफोड्यांना जंपसीट न देणे ही वैमानिकांची शिक्षाच होऊन बसली. ज्याच्या यादीने आपली बढती अडवली त्यालाच कामावर पोचवायचे, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे.

हे सारे त्यांच्या घरातले भांडण राहिले असते, तर आपण एवढा वेळ घालवला नसता. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. विमानावर नाव कॉन्टिनेन्टलचे, चालवणारी कंपनी कोल्गन एअर. चौकशीत निघाले की कॅप्टन फ्लोरिडात राहत होता, आणि सहवैमानिक रात्रभर मालवाहू विमानांतून सिॲटलहून मेंफिसमार्गे न्यूअर्कला पोचली होती. तिच्या तुटपुंज्या पगाराची संसदेत आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली. न्यूअर्क बेसवरच्या १३७ कोल्गन वैमानिकांपैकी ९३ जण अप-डाऊन करणारे होते.

इथे नेमके बोलायला हवे. चौकशी मंडळाने अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरवले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती, हे ठरवता येत नाही, असे म्हटले. मंडळाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांना मात्र थकवा हे एक सहकारण म्हणून नोंदवायला हवे होते, आणि त्यांनी तसे वेगळे मत लिहिले. म्हणजे अप-डाऊनने अपघात झाला असे आपण म्हणू शकत नाही. पण त्या रात्री कॉकपिटमध्ये कोण बसले होते, किती झोपून आले होते आणि किती पगारावर, हे तीस वर्षांच्या करारांनी ठरवले होते, इतके आपण नक्की म्हणू शकतो.

आता मूळ प्रश्नावर येऊ. हे घडले कसे? मोठ्या कंपन्या प्रादेशिक कंपन्यांशी काही वर्षांचे करार करतात, फेरीमागे पैसे देतात. जी स्वस्त तिला काम. वैमानिक जुने झाले, त्यांचा पगार वाढला, की ती कंपनी महाग ठरते आणि काम दुसऱ्या, तरुण वैमानिकांच्या कंपनीकडे जाते. कोमेअर २०१२ मध्ये बंद पडली ती अशीच, महाग ठरून. तिथला कॅप्टन मग दुसरीकडे यादीच्या तळापासून सुरुवात करणार. ज्येष्ठतेने माणसाचे रक्षण व्हायचे, तर इथे ज्येष्ठतेनेच त्याची नोकरी खाल्ली.

आणि मोठ्या कंपन्यांच्या करारात? २००२ ते २००५ या काळात युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट एकामागून एक दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. व्यवस्थापन म्हणाले, पगार कापतो, निवृत्तिवेतन कापतो, आणि शिवाय सत्तर-पंचाहत्तर आसनांची विमानेही बाहेर देऊ द्या. यादीतल्यांनी स्वतःचे जमेल तेवढे वाचवले आणि स्कोपची सीमा सैल केली. आम्ही त्यांना दोष देत नाही. कोर्टाची तलवार डोक्यावर होती. पण त्यांनी सोडल्या त्या नोकऱ्या कोणाच्या? जे अजून यादीत यायचे होते त्यांच्या. त्या मुलांना मत नव्हते, कारण ती अजून सभासदच नव्हती. पुढे डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० चे ६५ झाले, तेव्हाही वरच्यांना पाच वर्षे मिळाली आणि खालच्यांची पाच वर्षे तिष्ठण्यात गेली.

जॉन रॉल्स या तत्त्ववेत्त्याने १९७१ मध्ये एक कसोटी सुचवली. समाजात आपली जागा कोणती असेल हे माहीत नसताना नियम ठरवा, मग ते न्याय्य होतील. वैमानिकांच्या भाषेत सांगायचे तर, यादीत आपला क्रमांक १२ असेल, १२ हजार असेल की आपण यादीबाहेरच असू हे ठाऊक नसताना करारावर सही करा. तशी सही कोणी केली असती असे वाटत नाही. यादीच्या आत न्याय काटेकोर होता. काठावर आला की तो संपत होता.

पुढे काय झाले तेही पाहू. २०१० मध्ये बफेलोच्या अपघातातल्या कुटुंबीयांच्या रेट्याने कायदा झाला. सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव हवा, असा नियम २०१३ पासून आला. २०१४ पासून ड्यूटीआधी १० तासांची विश्रांती बंधनकारक झाली. अप-डाऊनवर मात्र बंधन आले नाही. त्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सांगितले की अंतरावर नियम करण्याइतका पुरावा हाती नाही. तासांच्या अटीने वैमानिक कमी पडू लागले, आणि मग पगार हलले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. जे वाद घालून आणि संप करून मिळाले नव्हते ते टंचाईने दिले. पण टंचाईने दिलेले टंचाई संपली की परत जाऊ शकते. त्याला भाव म्हणतात, न्याय नव्हे. आणि दोन याद्या आजही दोनच आहेत.

२०१० च्या त्याच कायद्याने आणखी एक साधी गोष्ट केली. तिकीट विकताना प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालवणार ते ग्राहकाला आधीच स्पष्ट दिसले पाहिजे. अमेरिकेत राहणारे आपले बरेच श्रोते ही व्याख्याने ऐकतात. पुढच्या वेळी तिकीट काढताना ती बारीक अक्षरातली ओळ जरूर वाचा. तिकीट रद्द करण्यासाठी नव्हे, त्या विमानांची सुरक्षितता आज चांगली आहे. पण आपल्याला स्वस्तात पोचवणारा माणूस स्वतः कामावर कसा पोचतो, याचा विचार निदान त्या ओळीपाशी तरी करावा.

इथे थांबू.