हिवाळ्यातील बिनबुलावे पाहुणे

दिवाळी सरली, पहाटेचा गारठा जाणवू लागला, की घरातील झुरळा-डासांचा उपद्रव आता आपोआप थांबेल, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. थंडीत कीटकांची हालचाल आणि वाढ मंदावते. पण ते नाहीसे होत नाहीत. ऊब, अन्न आणि पाणी जवळजवळ मिळेल अशा ठिकाणी ते आश्रय घेतात. शहरी घरात असे ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. त्यातच या दिवसांत दारे-खिडक्या बंद असल्याने फवारलेले औषध घरातच कोंडून राहते. म्हणून आधी वाटा बुजवाव्यात, मग अन्न-पाणी तोडावे आणि विषाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

उंदीर : घरातील लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असल्याने एका जोडीची टोळी व्हायला वेळ लागत नाही. सांडपाण्याचे पाइप, गॅसची नळी, वातानुकूलन यंत्राची नळी जिथून भिंतीत शिरते, तेथील फटी तारेची घासणी कोंबून सिमेंटने बुजवाव्यात. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लागून ठेवावा. त्यात भाजलेले खोबरे, भजे किंवा सुका बोंबील लावावा. इमारतीत एकाच घराने बंदोबस्त केल्यास उंदीर शेजारी जातो आणि पुन्हा परततो. त्यामुळे कचऱ्याची जागा आणि डक्ट यांची स्वच्छता सोसायटीने एकत्रितपणे करणेच हिताचे. घरात दिसणारी चिचुंद्री मात्र उंदराच्या कुळातील नाही. ती मुख्यतः कीटक खाते. तिला मारण्यापेक्षा बाहेरची वाट दाखवावी.

झुरळे : फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरच्या तळाशी आणि ओट्याखालच्या बिजागऱ्यांत दिसणारी लहान, तपकिरी झुरळे जर्मन जातीची असतात. मादीच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात. फवारणीचे औषध या कोशाच्या आत सहसा पोचत नाही. त्यामुळेच काही आठवड्यांनी पिले पुन्हा दिसू लागतात. यावर फटींत थेंबाथेंबाने लावायचे जेल अधिक उपयोगी ठरते. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये. त्याच्या वासाने झुरळे आमिषापासून दूर राहतात. रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत आणि सिंक पुसून कोरडे करावे. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्यांचा जुना उपायही चांगला. मात्र त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशाच ठेवाव्यात.

डास : पावसाळ्यात वाहून जाणारे गटाराचे पाणी हिवाळ्यात तुंबते आणि त्यात क्युलेक्स डासांची पैदास होते. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधणे हा सोपा उपाय आहे. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणे टाळावे. एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. मच्छरदाणी त्याहून कितीतरी सुरक्षित.

लोकरीचे कपडे : पेटीतील स्वेटर-शाली कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या असतात. त्या बाहेर काढताच बाळाला घालू नयेत. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत नॅप्थलीनच्या संसर्गाने तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कपडे आधी धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

विषाची जोखीम : धान्यात वा बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्यानेही फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या कधीही वापरू नयेत. शेजारच्या बंद घरात ठेवलेली गोळीही जिवावर बेतू शकते. पिवळा फॉस्फरस असलेली उंदरांची पेस्ट पोटात गेल्यास रुग्णाला प्रारंभी बरे वाटते. परंतु काही दिवसांत यकृत निकामी होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

व्यावसायिकाकडून फवारणी करून घेताना औषधाचे नाव आणि घर किती तास रिकामे ठेवायचे, हे लेखी घ्यावे. परतल्यावर, कितीही थंडी असली तरी, आधी सर्व खिडक्या उघडाव्यात.