बाबा : एक हाक, अनेक अर्थ

मराठीत एक हाक अशी आहे, की ती बापालाही मारता येते आणि पाळण्यातल्या पोरालाही. ती म्हणजे 'बाबा'. फारसीत बाबा म्हणजे बाप किंवा आजोबा. तुर्कस्तानात आजही बापाला बाबाच म्हणतात. आपल्याकडे 'बा' होताच. रुसलेल्याची आपण बाबापुता करतो, लेकराला बाबागाडीतून फिरवतो आणि नको असलेल्या गोष्टीला 'नको रे बाबा' म्हणून हात जोडतो.

मी मुसलमान. आमच्या घरी वडिलांना बाबा म्हणत, शेजारच्या हिंदू घरातही बाबाच. "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" असं कोणी कौतुकानं विचारलं, की मला ही हाक आठवते. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. पण त्यांचे थोरले बंधू गणेशपंत महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते बाबाराव म्हणूनच. घरातली हाक कोशाला विचारून येत नाही.

या हाकेनं जातधर्मही पाहिला नाही. १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दैना मांडणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती होते. मशिदीत राहून तिला द्वारकामाई म्हणणारे शिर्डीचे साईबाबा १९१८ साली गेले, नागपूरचे ताजुद्दीनबाबा १९२५ साली. दोघांच्याही दारी हिंदू-मुसलमान एकत्र येत आले. १९५६चा डिसेंबर तर विसरता येत नाही. ६ तारखेला बाबासाहेब आंबेडकर गेले आणि २० तारखेला गाडगेबाबा. चौदा दिवसांत गोरगरिबांचे दोन बाप हरपले.

मुरलीधर देवीदास आमटे यांची गोष्ट वेगळी. लोकांना वाटतं, कुष्ठरोग्यांच्या सेवेमुळे ते 'बाबा' झाले. प्रत्यक्षात आईवडिलांनी लाडानं ठेवलेलं ते नाव. लाडाचं नाव पुढे आदराचं झालं.

याच हाकेचा बाजारही मांडला गेला. भगवी कफनी असो वा हिरवी, गंडेदोरे विकणारा स्वतःला बाबाच म्हणवतो, कारण या शब्दापाशी माणूस लेकरू होतो, प्रश्न विचारत नाही. असे प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला.

पण कायदा गुन्हा पकडतो, हाक कोणाला मारायची हे सांगत नाही. ते आपणच ठरवायचं. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत. गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. पाय पुढे करून बसलेल्या माणसाला 'बाबा' म्हणण्यापूर्वी तो खराटा आठवावा, एवढंच माझं सांगणं आहे.