शेगावची कापूसपेठ

वऱ्हाडचे दोन भाग जुन्या काळापासून ओळखले जातात : दक्षिणेकडील उंच सपाटीचा बालाघाट आणि त्याच्या पायथ्याशी पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांनी पसरलेला पायनघाट. शेगाव हे पायनघाटातील गाव. येथील जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. परंतु पूर्णाकाठच्या पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी खारे लागते, म्हणून ह्या टापूस खारपाणपट्टा असे नाव पडले. बागायत करावी तर पाणी कामाचे नाही. तेव्हा मृगाच्या पावसावर पेरावे आणि जमिनीतील ओलीवर पीक काढावे, हाच येथील शेतीचा रिवाज. ज्वारी पोटासाठी आणि कापूस रोकडीसाठी, अशी शेतकऱ्याच्या घरची साधी वाटणी असे. ही वाटणी कशी मोडली आणि ती मोडल्यावर लाभ कोणाच्या पदरी पडला, हाच शेगावच्या अर्वाचीन इतिहासाचा मुख्य प्रश्न होय.

आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस बाहेर जात नव्हता असे नाही. वंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत नेत. पुढे मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी तो मुंबईकडे वळविला. परंतु वाट लांबची; बैलाच्या पाठीवरचा कापूस धुळीने मळे, पावसाने भिजे. वाहतुकीचा खर्चच इतका होई की शेतकऱ्याने बेताचाच कापूस पेरावा हे शहाणपणाचे ठरे.

1853 ह्या एकाच सालात दोन गोष्टी घडल्या. एप्रिल महिन्यात मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि मे महिन्यात निजामाने तह करून फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. दोहोंचा मेळ पडावयास फार काळ लागला नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव गगनास भिडले. वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग ह्याच सुमारास बांधला जात होता. परंतु युद्ध 1865 साली संपले, मुंबईचा सट्टा कोसळला, आणि मार्ग नागपुरास पोहोचला तो 1867 साली. तेजीचा बहर ओसरून गेल्यावर रूळ पुरे झाले. मात्र कापूस पेरण्याची सवय तेजीबरोबर गेली नाही.

खामगाव ही त्या वेळची वऱ्हाडातील नामांकित कापूसपेठ. परंतु मुख्य मार्ग तिला बगल देऊन गेला. 1870 साली जलंबहून खामगावास निराळा फाटा काढावा लागला व त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. शेगावला असा फाटा लागला नाही. मुंबईपासून सुमारे 340 मैलांवरचे हे स्टेशन मुख्य मार्गावरच असल्यामुळे भोवतालच्या खेड्यांच्या गाड्या थेट रुळापाशी येऊन सुटू लागल्या. 1881 साली गावास म्युनिसिपालिटी मिळाली. 1901 च्या खानेसुमारीत वस्ती 15 हजारांवर भरली. तोवर शेगाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. 1905 च्या फेररचनेत खामगाव तालुक्याबरोबर ते बुलढाणा जिल्ह्यात आले.

पेठेबरोबर गावाची समाजरचनाही पालटली. पाटील, देशमुख, कुणबी, बारा बलुतेदार ही जुनी घडी होतीच. तिच्या शेजारी मारवाडी, गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. 1878 साली गजानन महाराज शेगावी प्रथम दिसले, त्या कथेत बंकटलाल अगरवाल ह्यांचे घर येते. परमुलखातून आलेले व्यापारी कुटुंब गावच्या भक्तिजीवनात किती सहज मिसळले होते, ह्याची ती साक्ष आहे.

दुसरा पालट स्त्रियांच्या कामात झाला. पूर्वी घरोघर हातरेच्यावर सरकी काढली जाई व शेतकऱ्याच्या घरातील बायकांचा त्यात हातभार असे. वाफेवर चालणारे जीन आल्यावर घरचा रेचा बंद पडला. पुढे गरीब घरच्या बायका जीनमध्ये मजुरीस जाऊ लागल्या. हंगाम हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा. पाऊस पडला की जीनचा भोंगा थांबे व मजुरीही थांबे. कापूस जीनमधून प्रेसमध्ये जाई व तेथे 392 पौंडांची गाठ बांधली जाई. अशा दोन गाठींची मुंबईची एक खंडी. गाठ पक्की बांधली गेली की तिचा भाव मुंबई आणि लिव्हरपूल ठरवीत. खेड्यातील शेतकऱ्यास तो कळे तो अडत्याच्या तोंडून.

बाजारातील रीत तर ह्याहून चमत्कारिक. खरेदीदार व अडत्या रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असे, पण त्यास काही उमगत नसे. मग अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय आणि वजनातील कडता वजा जाऊन उरेल ती रक्कम त्याची. त्यातही सावकाराचे देणे पेरणीच्याच वेळचे. जमाबंदीने जमीन शेतकऱ्याच्या नावे झाली, विकता व गहाण टाकता येऊ लागली. त्यामुळे पत वाढली आणि पतीच्या मागोमाग कर्जही वाढले.

ह्या गोंधळास आळा घालण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. 1886 साली कारंजाच्या कापूसबाजारास नियम लागू झाले. ही हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित बाजारपेठ समजली जाते. 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्यबाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. वजनमापे तपासली जाऊ लागली, अडत्यांस परवाने घ्यावे लागले. परंतु बाजारसमितीवर व्यापारी बसत; जो कापूस पिकवी त्याच्या प्रतिनिधीस तेथे जागा नव्हती. शेतीविषयक शाही कमिशनने 1928 साली अशा नियंत्रित बाजारांचा प्रसार सर्वत्र व्हावा अशी शिफारस केली, ती वऱ्हाडचा हा अनुभव डोळ्यांपुढे ठेवूनच.

कापसाच्या पैशाची खरी परीक्षा 1899-1900 च्या दुष्काळात झाली. विक्रम संवताच्या वर्षावरून लोक त्यास छप्पन्नचा काळ म्हणत. आगगाडीमुळे बाहेरचे धान्य स्टेशनावर येऊ शकत होते. परंतु शेतात कापूसही नाही आणि ज्वारीही नाही, मग ते विकत घ्यावे कशाने? वऱ्हाडची लोकसंख्या 1891 साली सुमारे 29 लाख होती, ती 1901 साली साडेसत्तावीस लाखांवर आली. रुळांनी धान्य जवळ आणले, पण मजुराच्या हाती दाम नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1902 साली, वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपये खंडाने इंग्रजांस कायमचे मिळाले. व्यवहार झाला दोन सरकारांचा. ज्याच्या शेतातून तो खंड निघावयाचा, त्यास कोणी विचारले नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तिच्या मुळाशीही हाच जुना प्रश्न होता : पिकविणाऱ्यास भाव कोण देणार? आज शेगावचे नाव घेताच समाधीमंदिर आठवते, आणि ते योग्यच आहे. 1910 साली महाराजांनी समाधी घेतल्यापासून त्याच स्टेशनावर गाठींऐवजी यात्रेकरूंची गर्दी वाढत गेली. पण ज्या रुळांवरून ते येतात, ते कापसाच्या ओढीने टाकलेले आहेत. त्या कापसाने शेगावास शहरपण दिले. ज्या खेड्यांनी तो पिकविला, त्यांचे देणे मात्र फिटावयाचे राहून गेले.