विनंती आणि विनय

राज्यकारभाराचा बराचसा भाग अर्ज आणि उत्तर ह्या दोन शब्दांत सामावलेला असतो. अर्ज कोणाच्या नावे करावा, त्यात काय नमूद असावे, खाली सही कोणाची असावी आणि उत्तर न आल्यास किती दिवस थांबून स्मरणपत्र धाडावे, ह्याचे नियम जेथे स्पष्ट असतात तेथे कचेरीचे काम सुरळीत चालते. जेथे ते नसतात तेथे टेबलावरचे ढीग वाढत जातात. ज्या जागतिक जालावर आज आपण वर्तमानपत्रापासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत सर्व काही पाहतो, त्याची उभारणीही ह्याच दोन गोष्टींवर झालेली आहे. तेथे अर्जाला ‘रिक्वेस्ट’ म्हणतात आणि अर्ज स्वीकारून उत्तर देणाऱ्या संगणकाला ‘सर्व्हर’. मात्र हा अर्ज प्रत्येक वेळी प्रोग्रॅम लिहिणाराने अथपासून इतिपर्यंत स्वतः रचावा लागत नाही. ते काम एक तयार संच करतो. त्याला ‘लायब्ररी’ असे नाव असले, तरी तेथे ग्रंथ नसतात. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकदाच नीट लिहून सर्वांच्या उपयोगासाठी ठेवलेल्या असतात. ह्या लायब्ररीच्या इतिहासात आपल्या सार्वजनिक व्यवहाराला लागू पडेल असा एक धडा आहे, आणि तोच येथे मांडावयाचा आहे.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज संगणकतज्ज्ञाने आपल्या वरिष्ठांपुढे माहितीच्या व्यवस्थेविषयी एक टिपण ठेवले. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर ‘अस्पष्ट, पण उत्साहवर्धक’ अशा अर्थाचा शेरा मारला. शेऱ्यांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना हे ठाऊक असते, की असा शेरा म्हणजे मंजुरी नव्हे आणि नामंजुरीही नव्हे. पण काम पुढे ढकलण्यास तेवढा आधार पुष्कळ होतो. १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाला. त्या वेळचा अर्ज अवघ्या एका ओळीचा असे. ‘गेट’ म्हणजे ‘आण’ हा शब्द आणि त्यापुढे हव्या असलेल्या कागदाचा पत्ता, एवढाच त्याचा मजकूर. अर्जदार कोण, त्याला कागद कशासाठी हवा, ह्याचा उल्लेख नसे. सर्व्हर तो कागद पाठवी आणि संबंध तेथेच संपे.

परंतु हा पहिला ब्राउझर ‘नेक्स्ट’ नावाच्या संगणकावरच चालत असे, आणि असे संगणक फार थोड्या ठिकाणी होते. इतरांनी आपापल्या यंत्रांसाठी ब्राउझर लिहावेत, तर प्रत्येकाला अर्ज करण्याची सारी खटपट मुळापासून करावी लागणार. म्हणून १९९१ आणि १९९२ ह्या वर्षांत बर्नर्स-ली आणि झाँ-फ्रान्स्वा ग्रॉफ यांनी तो भाग कोणत्याही यंत्रावर चालेल अशा सी भाषेत पुन्हा लिहून काढला. प्रथम ‘सामाईक लायब्ररी’ आणि पुढे ‘लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ म्हणून ओळखला गेलेला संच तो हाच. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपले हे सर्व लेखन सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले केले. त्या काळी ज्याने जाल घरोघरी नेले त्या ‘मोझेक’ ब्राउझरने प्रारंभी ह्याच संचाचा आधार घेतला होता.

मागणे सोपे झाले, त्याबरोबर मागणारेही बदलले. माणूस एक पान मागवितो, ते वाचतो, मग दुसरे मागवितो; त्याच्या वाचनाचा वेग हाच सर्व्हरला मिळणारा विसावा असतो. परंतु लायब्ररी हाती आल्यावर आपोआप एकामागून एक पाने मागविणारे प्रोग्रॅम निघाले. त्यांना ‘रोबो’ हे नाव पडले. १९९३ आणि १९९४ साली अशा काही रोबोंनी सर्व्हरवर अर्जांचा एवढा भडिमार केला, की इतरांना उत्तर मिळणे कठीण व्हावे. तेव्हा मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये एक साधी तोड सुचविली. प्रत्येक सर्व्हरने ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ह्या नावाचा एक कागद दाराशी लावावा, आत कोठे येऊ नये ते त्यात लिहावे, आणि रोबोने तो आधी वाचावा. ह्यामागे कायदा नव्हता आणि दंडही नव्हता. होता तो केवळ परस्परसंमतीचा आधार.

मे १९९६ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन यांच्या नावे अर्जाच्या पद्धतीची १.० ही आवृत्ती लेखी प्रसिद्ध झाली. तोवर एका ओळीच्या अर्जाला रीतसर मथळे आले होते. अर्ज करणारा प्रोग्रॅम कोणता, हे सांगणारा एक मथळा. अर्जदार कोणत्या पानावरून आला, हे सांगणारा दुसरा. ह्या दुसऱ्याचे इंग्रजी स्पेलिंग चुकले होते. तथापि ते तोवर इतके रूढ झाले होते, की चुकीसकट ते कायम झाले. आजही सर्व जगाचे संगणक तेच चुकीचे स्पेलिंग बिनचूकपणे लिहितात! आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मथळा ‘फ्रॉम’ हा होय. त्यात अर्जदार माणसाचा ई-मेल पत्ता असावा, आणि विशेषतः रोबोने तो अवश्य द्यावा, म्हणजे काही बिघडल्यास जबाबदार माणसाशी संपर्क साधता येईल, अशी त्यामागील योजना होती. सहीवाचून अर्ज नसावा, हेच ते तत्त्व.

ह्या तत्त्वाची खरी जोपासना एका लायब्ररीने केली. फील्डिंग यांनी पर्ल भाषेसाठी आरंभिलेला संच पुढे गिस्ले ओस आणि स्वतः कोस्टर यांनी नव्याने लिहिला. त्यात रोबोंसाठी एक स्वतंत्र विभाग आहे. ई-मेल पत्ता दिल्यावाचून तो कामच सुरू करीत नाही. दाराशी लावलेला कागद तो आधी वाचतो आणि मनाई असेल तेथे जात नाही. इतकेच नव्हे, तर आपण निराळे न सांगितल्यास एकाच सर्व्हरकडे केलेल्या दोन अर्जांमध्ये तो एक मिनिटाचे अंतर राखतो. येथे शिष्टाचार वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. तो साधनातच विणलेला होता.

पुढील वाटचाल मात्र सुलभतेच्या दिशेने झाली. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे ताजे दर जालावरून मिळवावयाचे होते. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी त्यासाठी घेतला आणि वाढविला. २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ ह्या नावाने प्रकट झाला. ऑगस्ट २००० मध्ये त्याचीच ‘लिबकर्ल’ ही लायब्ररी झाली, आणि आज ती दूरदर्शन संचांपासून मोटारींपर्यंत अब्जावधी यंत्रांत वास करून आहे. पायथन भाषेतील जुनी साधने क्लिष्ट वाटत म्हणून केनेथ राइट्झ यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी प्रसिद्ध केली. ‘माणसांसाठी एचटीटीपी’ असे तिचे ब्रीद होते, आणि ते तिने खरे केले. एका ओळीत पत्ता लिहावा आणि पुढच्या ओळीत उत्तर हाती घ्यावे, इतके ते सोपे झाले. एका ओळीच्या अर्जापासून निघालेला प्रवास पुन्हा एका ओळीशी येऊन ठेपला.

परंतु ह्या दोन ओळी सारख्या नव्हेत. रिक्वेस्ट्स दाराचा कागद आपण होऊन वाचत नाही, दोन अर्जांमध्ये थांबत नाही आणि आपला ई-मेल पत्ता मागत नाही. उत्तरासाठी किती वेळ थांबावे, तेही आपणच ठरवावयाचे. न ठरविल्यास ती वाट पाहत बसते. ह्यात लायब्ररीचा दोष मानण्याचे कारण नाही. सर्वसामान्य उपयोगाचे साधन वापरणाऱ्याला मोकळे ठेवते, हे योग्यच. मात्र पूर्वी साधनात असलेला विनय आता वापरणाऱ्याच्या अंगी असावा लागतो, आणि तो सर्वांच्या अंगी असतोच असे नाही.

त्याचे परिणाम लेखी नियमांत उमटलेले दिसतात. एप्रिल २०१२ मध्ये सर्व्हरच्या उत्तरांत ४२९ हा नवा क्रमांक दाखल झाला. ‘आपले अर्ज फार झाले’ असा त्याचा अर्थ. सप्टेंबर २०२२ मध्ये कोस्टर यांच्या योजनेला अठ्ठावीस वर्षांनी इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले. पण हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे, असे त्या मानकातच स्पष्ट केले आहे. मराठी विकिपीडिया ज्या संस्थेच्या सर्व्हरवर चालतो त्या विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की चित्रे आणि ध्वनिचित्रे उतरवून घेण्यासाठी खर्ची पडणारी वहनक्षमता जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली. ही वाढ वाचकांमुळे झालेली नसून मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सामग्री गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमांमुळे झालेली होती. अधिक खर्चाच्या मागण्यांपैकी ६५ टक्के अशा स्वयंचलित प्रोग्रॅमांच्या होत्या. देणग्यांवर चालणाऱ्या ज्ञानभांडाराने हा भार किती काळ सोसावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.

ह्यावर उपाय म्हणून दारे बंद करण्याकडे अनेकांचा कल होऊ लागला आहे, आणि तसे झाल्यास सर्नने १९९३ मध्ये जे खुले केले त्याचा संकोच होईल. एखाद्या शाळेतील शिक्षकाने पावसाचे आकडे मिळविण्यासाठी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तर त्याच्याही तोंडावर तेच दार बंद होईल. मागणाऱ्यांतील काहींच्या उद्दामपणाची किंमत सर्व मागणाऱ्यांना मोजावी लागते, हा अनुभव रांगेत उभ्या राहणाऱ्या कोणत्याही नागरिकाला नवा नाही.

म्हणून जो कोणी अशी लायब्ररी हाती घेईल त्याने चार गोष्टी पाळाव्यात. अर्जात आपली ओळख द्यावी; दाराचा कागद वाचावा; दोन अर्जांत अंतर ठेवावे; आणि एकदा मिळालेली प्रत जपून ठेवून पुढच्या वेळी ‘त्यानंतर काही बदल झाला आहे काय?’ एवढेच विचारावे. ह्या प्रश्नाची आणि ‘बदल नाही’ ह्या तीनशे चार क्रमांकाच्या उत्तराची सोय १९९६ च्या लेखी पद्धतीतच आहे. ह्या चारांपैकी एकही गोष्ट नवी नाही, अवघड तर नाहीच. प्रत्येकीसाठी दोन-चार ओळी अधिक लिहाव्या लागतात, एवढेच. आणि ज्याच्याकडे आपण काही मागावयास जातो त्याच्यासाठी तेवढे श्रम घेणे हे मागणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.